कूलिज, मेलन आणि ‘धंदेवाईक’ सरकार: अमेरिका, दोन महायुद्धांच्या मधली

रानजाई

अमेरिकेच्या १९२० च्या दशकाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: तेव्हा सरकार धंद्यात ढवळाढवळ करत नव्हतं, म्हणून भरभराट झाली. समोरची बाजू म्हणते, सरकार गप्प बसलं म्हणूनच १९२९ चा शेअरबाजाराचा कडेलोट झाला. भांडण कितीही असो, सरकार हाताची घडी घालून बसलं होतं यावर दोघांचंही एकमत. गेले काही महिने या काळावर मिळेल ते वाचतेय आणि मला नेमकं हेच पटेनासं झालंय. सरकार चांगलं कामाला लागलेलं होतं. कोणासाठी, हे बघायला हवं. त्यासाठी हा धागा.

कूलिज यांच्यापासून सुरुवात करते. सप्टेंबर १९१९ मध्ये बोस्टनच्या पोलिसांनी संघटना बांधली, आयुक्तांनी पुढाऱ्यांना निलंबित केलं आणि अकराशेहून जास्त शिपाई कामावरून उठले. शहरात लुटालूट झाली. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते कॅल्विन कूलिज. त्यांनी कामगार पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स यांना तार केली, की सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाही, कुठेही, कधीही नाही. या एका तारेवर ते देशभर पोचले आणि वर्षभरात रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. पुढचा भाग मात्र फार कोणी सांगत नाही. संपावर गेलेल्यांपैकी एकालाही परत घेतलं नाही, आणि नव्या भरतीला वाढीव पगार दिला. म्हणजे मागणी रास्त होती, फक्त मागणारे नको होते. मला हा प्रसंग पुढच्या दहा वर्षांची चावी वाटतो.

१९२० ची निवडणूक वॉरन हार्डिंग यांनी साठ टक्के मतांनी जिंकली. त्यांचं सूत्र होतं, धंद्यात सरकार कमी आणि सरकारात धंदा जास्त. अर्थखातं त्यांनी अँड्र्यू मेलन यांच्याकडे दिलं. पिट्सबर्गचे बँकर, अॅल्युमिनियम आणि तेलाच्या कंपन्यांतले मोठे भागधारक, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. ते १९२१ पासून १९३२ पर्यंत तीन अध्यक्षांच्या हाताखाली त्याच खुर्चीत होते. युद्धकाळात ७७ टक्क्यांपर्यंत गेलेला आणि ते आले तेव्हा ७३ टक्के असलेला आयकराचा वरचा दर त्यांनी टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांवर आणला.

हे झालं ‘कमी सरकार’. आता जास्त सरकार कुठे होतं ते पाहा. १९२२ मध्ये फोर्डनी-मॅकंबर कायद्याने आयातशुल्क वाढवलं, म्हणजे देशी कारखानदाराला परदेशी मालापासून सरकारी भिंत. त्याच वर्षी १ जुलैला पगारकपातीविरुद्ध रेल्वे कारखान्यांतले सुमारे चार लाख कामगार संपावर गेले. १ सप्टेंबरला अॅटर्नी जनरल डॉहर्टी यांनी शिकागोच्या न्यायाधीश विल्करसन यांच्याकडून मनाईहुकूम आणला. त्यात निदर्शनं तर बंद झालीच, शिवाय पत्र, तार किंवा तोंडी बोलण्यातून संपाला प्रोत्साहन देणंही बंद. संपकऱ्याने दुसऱ्याला ‘टिकून राहा’ म्हणणंसुद्धा कोर्टाचा अवमान! याला ढवळाढवळ म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि हर्बर्ट हूवर. वाणिज्यखातं त्यांच्याकडे येईपर्यंत ते दुय्यम खातं होतं. या खाणअभियंत्याने विटा, बोल्ट, पाइप यांची मापं देशभर एकसारखी करायला उद्योगांना एकत्र बसवलं, परदेशात माल खपवायला खात्याची कार्यालयं उघडली, धंदेवार संघटनांना माहिती पुरवली. मला त्या कामाचं मनापासून कौतुक आहे. पण ते सरकारनेच केलेलं काम आहे.

कूलिज यांचं १७ जानेवारी १९२५ चं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं: अमेरिकन जनतेचा मुख्य व्यवसाय व्यवसाय हाच आहे. वृत्तपत्रांच्या संपादकांसमोरचं ते भाषण पूर्ण वाचा. त्याच भाषणात ते पुढे म्हणतात की संपत्ती साठवणं हे जगण्याचं मुख्य ध्येय असू शकत नाही, आणि अमेरिकनांचा मुख्य आदर्श आदर्शवाद हाच आहे. माणूस ढोंगी नव्हता. १९२३ मध्ये हार्डिंग वारल्यावर व्हर्माँटच्या खेड्यात, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, स्वतःच्या वडिलांकडून मध्यरात्रीनंतर अध्यक्षपदाची शपथ घेतलेला हा माणूस होता. उद्योगाचं भलं झालं की चारित्र्याचंही होतं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. म्हणूनच त्यांचं राजकारण समजून घ्यावंसं वाटतं.

---

हिशेबनीस

चांगला विषय. पण मेलन यांना एका परिच्छेदात उरकलंत, ते बरोबर नाही. मी कर सल्लागार म्हणून आयुष्य काढलंय, म्हणून त्यांच्या बाजूने बोलतो.

मेलन यांनी १९२४ मध्ये करांवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यातली आकडेवारी अशी: तीन लाख डॉलरहून जास्त उत्पन्न दाखवणारी विवरणपत्रं १९१६ मध्ये १,२९६ होती, १९२१ मध्ये उरली २४६. श्रीमंत काय देशातून नाहीसे झाले? दर ७३ टक्के झाल्यावर त्यांनी पैसा राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या करमुक्त रोख्यांत नेऊन ठेवला. कारखान्यात गुंतवला तर कर, रोख्यात गुंतवला तर शून्य. अशा वेळी दर उतरवला तर वसुली वाढू शकते, हे साधं व्यवहारज्ञान आहे. आणि झालंही तसंच. दर कमी झाले तरी आयकरातला श्रीमंतांचा वाटा वाढला.

दुसरं, १९२६ च्या कायद्यात विवाहितांची करमुक्त मर्यादा ३,५०० डॉलर झाली. सामान्य पगारदार कुटुंब आयकरातून जवळजवळ बाहेर पडलं. तिसरं, युद्धाचं सुमारे २४ अब्जांचं कर्ज दशकाच्या अखेरीस १६ अब्जांवर आलं. आज कोणता अर्थमंत्री असं करून दाखवतो? १९२१ च्या कायद्याने पहिल्यांदा संपूर्ण केंद्र सरकारचा एक अर्थसंकल्प तयार होऊ लागला, हेही याच लोकांचं काम. त्याआधी प्रत्येक खातं आपली मागणी थेट काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, न्यायचं.

---

ओढ्याकाठी

रानजाईताई, धागा आवडला. शेतकऱ्यांचं काय? भरभराट म्हणतात, पण खेड्यातल्या बँका तर १९२९ च्या आधीपासूनच बुडत होत्या असं वाचलंय. तिथे सरकार कोणाच्या बाजूला होतं?

---

रानजाई

ओढ्याकाठी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. युद्धात युरोपला गहू आणि कापूस हवा होता, तेव्हा शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९२० च्या उत्तरार्धात भाव कोसळले आणि कर्ज तसंच राहिलं. दशकभर वर्षाला सरासरी शेकड्यांनी बँका बुडाल्या, बहुतेक छोट्या गावांतल्या.

मॅकनेरी-हॉगन विधेयकाचा विचार असा होता, की कारखानदाराला आयातशुल्काचं संरक्षण आहे तर शेतमालालाही तसंच द्या. जास्तीचा माल सरकारी मंडळाने विकत घ्यावा, परदेशात पडेल त्या भावाला विकावा, आणि तोटा शेतकऱ्यांकडूनच ठरावीक पट्टी घेऊन भरून काढावा. काँग्रेसने ते १९२७ मध्ये मंजूर केलं, १९२८ मध्ये पुन्हा केलं. कूलिज यांनी दोन्ही वेळा नाकारलं. कारण काय, तर सरकारने भाव ठरवणं चूक. पहिल्या नकाराच्या सुमारासच त्यांनी कच्च्या लोखंडावरचं आयातशुल्क पन्नास टक्क्यांनी वाढवलं. १९२२ च्या कायद्याने अध्यक्षांना तेवढा अधिकार दिला होता आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला. लोखंडाचा भाव सांभाळणं तत्त्वात बसतं आणि गव्हाचा बसत नाही, ही गाठ मला काही केल्या सुटत नाही.

हिशेबनीस साहेब, करमुक्त रोख्यांचा मुद्दा मान्य, आणि १,२९६ चे २४६ हा आकडा खरंच बोलका आहे. पण मेलन यांच्या खात्याचं दुसरं प्रकरणही आपण वाचलं असेल. मिशिगनचे सिनेटर जेम्स कझन्स, रिपब्लिकनच, हेन्री फोर्ड यांचे जुने भागीदार आणि स्वतः गडगंज. १९२४ मध्ये त्यांनी सिनेटकडून करखात्याची चौकशी सुरू करवली. बड्या कंपन्यांना करसवलती आणि परतावे कसे मिळतात ते बाहेर यायला लागलं, त्यात मेलन यांच्या कुटुंबाच्या कंपन्याही होत्या. चौकशी चालू असतानाच करखात्याने कझन्स यांच्या १९१९ च्या फोर्ड शेअर विक्रीचं प्रकरण उकरून काढलं आणि सुमारे एक कोटी डॉलरची मागणी लावली. ते कर अपील मंडळात लढले. १९२८ मध्ये निकाल लागला: देणं काहीच नाही, उलट त्यांनीच जास्त भरलाय, पैसे परत करा. दर कमी असणं वेगळं आणि दर ज्याच्या हातात तोच त्या दराचा सर्वांत मोठा लाभधारक असणं वेगळं. तुमच्या व्यवसायात याला हितसंबंधांचा प्रश्न म्हणतात ना?

---

हिशेबनीस

कझन्स प्रकरण माहीत आहे आणि त्यात खात्याची बाजू लंगडी आहे, कबूल. पण एका खात्याने सूड घेतला म्हणून करधोरण चुकीचं ठरत नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा एवढंच म्हणणं.

---

काळाकोट

कोर्टाचा उल्लेख झालाय म्हणून लिहितो, कारण या राजकारणाचा सर्वांत टिकाऊ भाग न्यायालयातच होता. सरकारं पडतात, नेमलेले न्यायाधीश राहतात.

हार्डिंग यांनी १९२२ मध्ये जॉर्ज सदर्लंड यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं. यूटाचे माजी सिनेटर, जन्माने इंग्लंडचे. त्यांचे १९२३ चे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

९ एप्रिल १९२३, अॅडकिन्स खटला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये स्त्री कामगारांसाठी किमान वेतनाचा कायदा होता. विली लायन्स ही एकवीस वर्षांची मुलगी एका हॉटेलात लिफ्ट चालवायची, महिन्याला ३५ डॉलर आणि दोन वेळचं जेवण. हॉटेल म्हणालं, किमान वेतन देणं जमणार नाही, आणि तिची नोकरी गेली. सदर्लंड यांनी लिहिलं की कायदा तिचं करारस्वातंत्र्य हिरावतो, म्हणून घटनाबाह्य. गंमत नाही, विचार करण्यासारखी गोष्ट अशी की सरन्यायाधीश टॅफ्ट, स्वतः रिपब्लिकन माजी अध्यक्ष आणि पक्के परंपरावादी, या निकालाच्या विरोधात गेले. म्हणजे ‘परंपरावादी’ हा एकसंध गट नव्हता.

दुसरा निकाल त्याआधी दोन महिने, १९ फेब्रुवारी १९२३. आपल्या सगळ्यांना जवळचा. भगतसिंग थिंद, पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांचा नागरिकत्वाचा खटला. तेव्हाच्या कायद्यात, आफ्रिकी वंशाचे लोक सोडले तर, फक्त ‘गोऱ्या’ परदेशी माणसालाच नागरिक होता येत असे. तीनच महिन्यांपूर्वी जपानी ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात सदर्लंड यांनीच म्हटलं होतं की ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंद म्हणाले, तुमच्याच वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत. त्यावर सदर्लंड यांनी शास्त्र बाजूला ठेवलं आणि सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय गोरे ठरत नाहीत असा निकाल एकमताने दिला. मग ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्या भारतीयांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. कॅलिफोर्नियात तर नागरिकत्वाला अपात्र माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती.

थिंद यांचे वकील होते लॉस एंजलिसचे सखाराम गणेश पंडित. सरकार त्यांच्याही नागरिकत्वामागे लागलं. ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले: १९१४ मध्ये रीतसर मिळालेलं नागरिकत्व, त्याच्या भरवशावर उभी केलेली वकिली आणि मालमत्ता, हे आता मागे घेता येणार नाही. त्यांच्या विजयानंतर अशा प्रकारचे खटले थंडावले. हा माणूस आपल्याकडे शाळेत शिकवला जायला हवा असं मला कळकळीने वाटतं.

करारस्वातंत्र्याला इतकं जपणारं न्यायालय थिंद यांच्या जमीन घेण्याच्या स्वातंत्र्याला का जपत नाही, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

---

पिंपळपार

काळाकोट, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, विनंती. पंडितांबद्दल आजच कळलं.

एक शंका. पुढे अध्यक्ष झालेल्या हूवर यांनी मंदीत काहीच केलं नाही हे शाळेत शिकलो होतो. रानजाईंनी रंगवलेला अभियंता हातावर हात ठेवून बसला असेल का?

---

रानजाई

नाही बसला. नोव्हेंबर १९२९ मध्येच त्यांनी मोठ्या कारखानदारांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून पगार कापू नका असं सांगितलं, आणि बऱ्याच जणांनी काही काळ पाळलं. जून १९३० मध्ये मात्र त्यांनी स्मूट-हॉली आयातशुल्क कायद्यावर सही केली. सही करू नका म्हणून १,०२८ अर्थतज्ज्ञांनी निवेदन दिलं होतं. १९३२ मध्ये बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज द्यायला सरकारी वित्त महामंडळ निघालं, आणि त्याच वर्षी करही वाढले. मेलन यांनी उतरवलेला वरचा दर पुन्हा ६३ टक्के झाला. तोवर मेलन राजदूत म्हणून लंडनला गेले होते, काँग्रेसमध्ये त्यांच्यावर महाभियोगाची हालचाल सुरू झाल्यावर.

‘कामगार मोडा, शेअर मोडा, शेतकरी मोडा’ असा सल्ला मेलन यांनी दिल्याचं सगळीकडे छापलेलं असतं. ते हूवर यांनी वीस वर्षांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे, मेलन यांच्या हातचा असा कागद नाही. तेव्हा ते वाक्य जपून वापरावं.

थेट अन्न आणि पैसा केंद्राने वाटावा हे मात्र हूवर यांना शेवटपर्यंत पटलं नाही. बँकेला कर्ज दिलं तर ती सावरते, माणसाला दिलं तर तो बिघडतो, असा तो विश्वास होता. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी लोकांसाठी अन्नाची जहाजं पाठवणाऱ्या माणसाचा. मला याचं वाईट वाटतं, रागापेक्षा जास्त.

---

डेलावेअरकाठ

मी ड्यूपॉन्ट या रसायनं आणि स्फोटकं बनवणाऱ्या घराण्याच्या मुलखात राहतो, म्हणून १९३४ नंतरचं थोडं.

१९३३ मध्ये अध्यक्ष झालेल्या डेमोक्रॅट रूझवेल्ट यांच्या नव्या धोरणांना विरोध करायला ऑगस्ट १९३४ मध्ये अमेरिकन लिबर्टी लीग स्थापन झाली. पैसा मुख्यतः ड्यूपॉन्ट बंधूंचा आणि जॉन रॅस्कॉब यांचा. हे रॅस्कॉब जनरल मोटर्सचे पूर्वीचे अर्थप्रमुख, आणि १९२८ ते १९३२ डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष! सोबत १९२४ आणि १९२८ चे डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन डेव्हिस आणि अल स्मिथ. उद्योगपतींचं राजकारण एका पक्षापुरतं नव्हतं. १९२४ मध्ये कूलिज यांच्यासमोर उभे असलेले डेव्हिस मॉर्गन बँकेचेच वकील होते. मतदाराला निवडायला काय होतं?

लीग कशी जन्मली ते एका पत्रातून दिसतं. सिनेटच्या नाय समितीने शस्त्रास्त्र कंपन्यांची कागदपत्रं मागवली, त्यात ते सापडलं. मार्च १९३४ मध्ये ड्यूपॉन्टचे निवृत्त उपाध्यक्ष कार्पेंटर रॅस्कॉब यांना लिहितात: साउथ कॅरोलिनातल्या माझ्या जागेवर पाच काळ्या मजुरांनी यंदा काम नाकारलं, म्हणाले सरकारी काम सोपं आहे. फोर्ट मायर्सला माझ्या हाउसबोटीवरचा स्वयंपाकी सोडून गेला, कारण सरकार त्याला रंगारी म्हणून तासाला एक डॉलर देतं. रॅस्कॉब यांनी उत्तरात संघटना काढायचं सुचवलं.

मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचलंय. घटनेची चिंता त्यांना असेलही. पण तक्रार सुरू होते ती हातचा मजूर निसटला इथून, आणि दक्षिणेतल्या शेतमजुराला पहिल्यांदाच दुसरं काम मिळालं होतं हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही.

हीच मंडळी आधी दारूबंदी उठवण्याच्या चळवळीत होती. दारूवर कर बसला की आयकर कमी करता येईल हा त्यांचा हिशेब होता. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली, दारूवर कर बसला, आणि आयकर वाढतच गेला.

---

हिशेबनीस

पत्र वाईट आहे, त्यावर वाद नाही. पण रूझवेल्टविरोधक म्हणजे हाउसबोटवाले, एवढंच चित्र उरू नये. मे १९३५ मध्ये शेक्टर खटल्यात रूझवेल्ट यांचा औद्योगिक पुनरुत्थान कायदा, म्हणजे धंद्याधंद्यासाठी नियमांच्या संहिता ठरवणारा, रद्द झाला तो ९ विरुद्ध ०. त्यात ब्रँडाइससारखे उदारमतवादी न्यायाधीशही होते. आणि खटल्यात होतं कोण? ब्रुकलिनचे कोंबडीविक्रेते. सरकारी संहितेप्रमाणे गिऱ्हाइकाला कोंबडी निवडू देता येत नव्हती, त्यांनी निवडू दिली म्हणून शिक्षा. छोट्या धंदेवाल्याच्या मानेवर बसलेला कायदा होता तो. खुद्द हूवर लिबर्टी लीगमध्ये गेले नाहीत. वॉल स्ट्रीटच्या नमुन्याचं स्वातंत्र्य त्यांना रूझवेल्टइतकंच नापसंत होतं.

---

डेलावेअरकाठ

हे पटलं. आणि भर म्हणून: त्या कायद्याची कल्पना बरीचशी उद्योगांच्याच टेबलावरची होती. जनरल इलेक्ट्रिकचे जेरार्ड स्वोप यांनी १९३१ मध्येच धंदेवार संघटनांनी उत्पादन आणि भाव सांभाळावेत अशी योजना मांडली होती. मोठ्यांना संहिता सोसत होत्या, लिहिणारे तेच होते. कोंबडीवाला मेला.

---

काळाकोट

अॅडकिन्सचा शेवट राहिला. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावात एल्सी पॅरिश हॉटेलच्या खोल्या साफ करायची. राज्याच्या कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, मिळाले कमी. तिने फरकाचे २१६ डॉलर १९ सेंट मागितले. २९ मार्च १९३७ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तिच्या बाजूने निकाल देऊन अॅडकिन्स रद्द केला. विरोधी मत लिहिलं सदर्लंड यांनीच, चौदा वर्षांपूर्वीचा एक शब्दही मागे न घेता. दोन आठवड्यांनी कामगार संघटनांचा वॅग्नर कायदाही टिकला. लिबर्टी लीगच्या ५८ वकिलांनी तो घटनाबाह्य असल्याचं १९३५ मध्येच जाहीर केलं होतं, आणि कित्येक कारखानदारांनी त्या मताच्या जोरावर कायदा पाळलाच नव्हता.

---

ओढ्याकाठी

आणि आमचा शेतकरी? १९३३ नंतर त्याला भाव मिळाला का? की तेही कोर्टात अडकलं?

---

रानजाई

अडकलं. १९३३ च्या कायद्यात कापूस, गहू, डुक्कर वगैरे मालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांकडून कर घ्यायचा आणि त्यातून लागवड कमी करणाऱ्या शेतकऱ्याला पैसे द्यायचे अशी रचना होती. भाव वर आले, पण जमीनमालकाला पैसे मिळाले आणि दक्षिणेतल्या अनेक वाटेकऱ्यांना जमिनीवरून जावं लागलं, हीही त्याच कायद्याची करणी.

मॅसॅच्युसेट्समधल्या हूसॅक गिरण्या दिवाळखोरीत होत्या. त्यांच्या प्रशासकांनी हा कर भरायला नकार दिला आणि जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी कर रद्द केला. शेती हा राज्यांचा विषय, केंद्राने पैशाच्या आमिषाने त्यात शिरू नये, असं म्हणून. खटल्याला ज्यांचं नाव आहे ते प्रशासक विल्यम बटलर १९२४ मध्ये कूलिज यांच्या प्रचाराचे प्रमुख होते आणि रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे अध्यक्षही. काँग्रेसने दोन महिन्यांच्या आत जमिनीची धूप रोखण्याच्या नावाखाली नवा कायदा केला आणि शेतकऱ्याचे पैसे पुन्हा सुरू झाले, या वेळी थेट तिजोरीतून.